ताडआईला शेवट आवडला का?

'ताडाखालची' ही मालिका टीव्हीवर संपली, त्यानंतर भाताची लावणी झाली, आता कापणी आली, पण आमच्या बाजारात ती अजून संपलेली नाही. मासळीच्या ओळीत कुणी नुसतं "मडकं" म्हटलं तरी बायका सुऱ्या खाली ठेवतात आणि तोंडं उघडतात. मी रोज सकाळी लांगवहिनींच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसतो. त्यामुळे कुणाचं मत काय, कुणाचं कुणामुळे फिरलं आणि कुणी सासूसमोर एक आणि सुनेसमोर दुसरं बोलून दोन्हीकडची कॉफी फुकट प्यायली, हे सगळं माझ्या कानावर असतं. पण या सगळ्या गदारोळात जिच्या डोळ्याला खरोखर डोळा लागत नव्हता, ती बाई मात्र मत देतच नव्हती. ती बुनरियंग. तिला सगळे रियंग म्हणतात.

आमच्या फेचबुरीत मोकेंग करणाऱ्या बायका पैशाला पासरी. अंडी, नारळाचं दूध, ताडगूळ एकत्र करून पत्र्याच्या ताटात भाजायचं आणि वर तळलेला कांदा भुरभुरायचा, यात काय मोठंसं? पण रियंग ताटाचा एक कोपरा मुद्दाम थोडा जास्त भाजते. तो करपट-गोड कोपरा ती गिऱ्हाइकाला विकत नाही, मनातल्या माणसाला देते. मला मिळतो. रच्चनीबाईंना, म्हणजे आमच्या शाळेच्या निवृत्त मास्तरीणबाईंना, मिळत नाही. असा काही कोपरा असतो हेच त्यांना ठाऊक नाही. मीही कधी सांगितलं नाही. उगाच कशाला कुणाचं मन दुखवा?

रियंगचा नवरा चम्रात. ताडावर चढणाऱ्यांत त्याच्यासारखा गडी पंचक्रोशीत नव्हता, आणि हे सगळ्यांत आधी तोच सांगायचा. पहाटे शेंड्यावर जाऊन रसाच्या नळ्या उतरवल्या की तो तिथूनच आरोळी द्यायचा, "रियंग, चूल पेटव!" रस आंबायच्या आत कढईत पडला पाहिजे, म्हणून ही घाई. खाली अख्खं गाव जागं व्हायचं. कोंबडे आळशी झाले ते त्याच्यामुळे, असं आम्ही म्हणायचो. लग्न झाल्यापासून बाईच्या नावाचा असा रोज डंका पिटला गेला. ती लाजायची, चिडायची, "गावाला काय माझं नाव पाठ करायचंय?" म्हणायची आणि चूल पेटवायची.

मग एक दिवस बांबूची पायरी मोडली आणि चम्रात खाली आला. डॉक्टर म्हणाले, चालेल की नाही, सांगता येत नाही. त्या दिवशी रियंग दवाखान्यातून घरी गेलीच नाही. ती थेट शेताच्या कडेला गेली, ताडआईकडे.

तिथं तीन ताड आहेत आणि त्यांच्या बुंध्याशी खांबावर उभारलेलं लाकडी घरकुल. आत आरसा, फण्या, बांगड्या, बाहेर दोरीवर लोकांनी वाहिलेली रेशमी लुगडी. आईला लाल सरबत आवडतं, म्हणून बाटलीत नळी घालून ठेवायची. नवऱ्याची वाट बघता बघता ताडाखालीच मेलेली ही नवी नवरी. कधीची, ते कुणालाच ठाऊक नाही. तिच्यावर मालिका काढायला बँकॉकहून माणसं आली तेव्हा त्यांनीही आधी उदबत्ती लावली, डुकराचं मुंडकं वाहिलं, परवानगी घेतली. मालिकेत तिचं नाव ठेवलं चान. खरं नाव आम्हालाच ठाऊक नाही, तर त्यांना कुठून असणार?

आता नवस बोलायची एक रीत आहे. नेमकं बोलायचं. उकडलेली अंडी म्हणालात तर किती, नाच म्हणालात तर किती वेळ. जे बोललं ते तसंच्या तसं फेडायचं, कमी नाही आणि दुसरंही नाही. लहान पोरालाही हे कळतं. पण रियंगचं डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं. मालिकेचं पहिलं पर्व नुकतंच सुरू झालं होतं, घराघरात तेच लागलेलं. तिच्या मनात आलं, सगळं गाव हिला बघतंय आणि ही एकटी इथं अंधारात. स्वतःची मालिका हिनं बघायला नको? ती हात जोडून म्हणाली, "आई, माझा माणूस पायावर उभा राहू दे. तुझी मालिका तुला पडद्यावर दाखवीन. शेवटापर्यंत."

शेवटापर्यंत! माप न सांगता घातलेला शब्द. तिला वाटलं, असून असून किती असणार? पावसाळ्याआधी संपेल.

चम्रात उभा राहिला. काठीनं का होईना, चालायला लागला. पहिलं पर्व संपलं तसा रियंगनं गावोगाव सिनेमा दाखवणाऱ्या पडदेवाल्या उआनला बोलावून ताडांसमोर पांढरा पडदा लावला. पुढं एक वेताची खुर्ची आईची, तिच्याशेजारी सरबत. खुर्चीच्या पुढं कुणी बसायचं नाही. मागं हवा तो बसो, न बसो. भुतांसाठीच्या खेळाला माणसं आलीच पाहिजेत असं नाही, डास मात्र हमखास येतात. रियंग चटईवर बसून सगळं पर्व बघायची, मधूनमधून खुर्चीकडे वळून "हे खरं झालं होतं का गं?" असं विचारायची. मग मालिकेचं दुसरं पर्व आलं, तेही दाखवलं. आणि मग तिसरं आलं, शेवटचं.

शेवट असा होता. बँकॉकचा एक मांत्रिक गावात येतो. त्याला ताडआई काही केल्या आवरत नाही. मग तो तिच्या मेलेल्या नवऱ्याचा आवाज काढून तिला हाक मारतो, "चान, चल घरी." आणि इतकी वर्षं कुणाला न बधलेली ती ताडावरून उतरते, हसत हसत चालत येते आणि मडक्यात शिरते. हा झाकण ठेवतो, वरून मेण लावतो आणि मडकं नदीत सोडतो. बुडबुडे येतात. बुडबुडे थांबतात. समाप्त.

दुसऱ्या दिवशी बाजार उभा फाटला. ताडवाले आणि मडकेवाले. ताडवाले म्हणत, ही फसवणूक आहे, दोन पर्वं जिनं गावाची पोरं राखली तिला असं बुडवतात? मडकेवाले म्हणत, अहो, भूत आहे ते, कधीतरी जायचंच. मांत्रिकाचं काम करणारा नट बिचारा जत्रेला आमच्या विहारात आला, तर मासळीवाल्यांनी त्याला मासळी विकायचं नाकारलं. एकीनं तर मूठभर बर्फ फेकून मारला. तो हात जोडून म्हणाला, "मावशी, मला लिहून देतात ते मी बोलतो."

"मग लिहिणाऱ्याला घेऊन ये!" ती म्हणाली. "बर्फ आहे अजून."

अशातच एका सकाळी रियंग रिकामं ताट काखेत धरून कॉफीच्या दुकानात आली आणि माझ्यासमोर बसली.

"दादा, नवस फेडला नाही तर काय होतं?"

"तुला ठाऊक आहे."

"आणि फेडता फेडता आईचा अपमान झाला तर?"

"तेच होतं. फक्त जरा लवकर."

मी गमतीनं म्हणालो, पण ती हसली नाही. ती रस्त्यापलीकडे बघत होती. तिथं चम्रात काठी टेकत भिंतीच्या सावलीकडे चालला होता. दाखवलं नाही तरी त्याचा पाय जाणार आणि दाखवलं तरी जाणार, असा तो पेच होता. पायाचं जाऊ दे, तो माणूसच पडल्यापासून अर्धा झाला होता. ताडांच्या वाटेला जायचा नाही. ताड दुसऱ्यांना कसायला दिले होते. दिवसभर भिंतीला टेकून बसायचा आणि काही हवं असलं की म्हणायचा, "ए." बस, एवढंच. "ए, पाणी." ज्या बाईचं नाव शेंड्यावरून गावभर जायचं, ती आता घरातल्या घरात 'ए' झाली होती. हे ती कधी बोलली नाही. पण भिंती पातळ असतात आणि मी शेजारी राहतो.

"मी कौल लावला," ती म्हणाली. घरकुलात चिनी देवळातल्यासारख्या दोन लाकडी फाका ठेवलेल्या आहेत, एक बाजू सपाट, एक फुगीर. टाकायच्या. एक सपाट, एक फुगीर आली तर होकार, दोन्ही फुगीर तर नकार. "दोन्ही सपाट पडल्या. परत टाकल्या, परत सपाट."

दोन्ही सपाट म्हणजे आई हसली. होकार नाही, नकारही नाही, नुसतं हसणं.

"मला हसते ती," रियंग म्हणाली. "म्हणते, बस बोंबलत."

पलीकडच्या टेबलावरून रच्चनीबाईंनी चष्मा सरळ केला. त्या कट्टर मडकेवाल्या. "बुनरियंग, तू निश्चिंत मनानं दाखव. शेवट अगदी योग्य आहे. आसक्ती सुटली की सुटका. ती मडक्यात गेली म्हणजेच मुक्त झाली."

"बाई, तुम्हाला मडक्यात घालून झाकण लावलं तर तुम्ही मुक्त व्हाल का?" लांगवहिनींनी दूध ओतता ओतता विचारलं.

"ते रूपक आहे."

"रूपक कसलं, वरनं मेण लावलंय मेल्यानं! आणि काय ते तिसरं पर्व! मांत्रिकाची दाढी निघत होती, दिसली नाही तुम्हाला? पैसे वाचवले हो, दुसरं काय."

उआन कोपऱ्यात भजं खात बसला होता. तो म्हणाला, "मावशी, शेवटचा भाग लावतच नाही मी. यंत्र बिघडलं म्हणू. तसंही ते बिघडतंच."

"म्हणजे नवसात चोरी?" रियंग म्हणाली. "तिला ताडावरनं सगळं गाव दिसतं. घराघरात शेवट लागला तेव्हा ती झोपली होती का?"

"मग तिनं तो बघितलाच आहे की! आता काय घाबरायचं?"

"बघितला असेल," रियंग म्हणाली. "कुणाच्या तरी खिडकीतनं. पण मी तिला मानानं बोलवायचं, खुर्ची द्यायची, सरबत द्यायचं आणि म्हणायचं, बघ गं बाई, तुला कसं बुडवलं?"

लांगवहिनींचं दूध उतू गेलं.

"आणि सगळे तिला मूर्ख म्हणतात," रियंग हळूच म्हणाली. "मूर्ख म्हणून नाही आली ती. कुणीतरी नावानं हाक मारली म्हणून आली."

मी कॉफी संपवली. मला एक सुचलं होतं, पण लगेच सांगितलं तर मजा काय? जरा थांबून मी विचारलं, "रियंग, नवस बोललीस तेव्हा शब्द काय वापरलेस?"

"मालिका पडद्यावर दाखवीन."

"दाखवीन. ऐकवीन नाही?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी त्या भाजक्या कोपऱ्यावरचा हक्क त्याच क्षणी कायमचा कमावला.

जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी गावोगाव सिनेमा यायचा तो मुका यायचा. पडद्याजवळच्या गाडीत बसून आम्ही त्याला आवाज द्यायचो, मी आणि माझी जोडीदारीण सायपिन. बायका सगळ्या तिच्या, बाकीचं सगळं माझं, म्हणजे नायक, खलनायक, हत्ती आणि पाऊस. विसरलो तर मनानं बोलायचो, आणि लोकांना तेच जास्त आवडायचं. सायपिन गेली. तेव्हापासून मी बायकांशी भांडायला तेवढं तोंड वापरतो.

"चित्र शेवटापर्यंत दाखवू," मी म्हणालो, "आवाज आपला."

"पण चानचं कोण बोलणार?" उआननं विचारलं.

"मीच काढीन नाजूक आवाज."

"तुमच्या नाजूक आवाजाला म्हशी वळून बघतात," लांगवहिनी म्हणाल्या. "रियंगच बोलेल. तिचा नवस, तिचं तोंड."

"मी? मी 'मोकेंग गरम' सोडून काही ओरडले नाही जन्मात!"

"तेवढं पुरे," मी म्हणालो.

बाकीचं पर्व उआननं आवाजासकट दाखवून टाकलं. शेवटच्या भागाच्या दिवशी मात्र सूर्य बुडायच्या आत अख्खं गाव चटया घेऊन हजर. आई खुर्चीत, म्हणजे खुर्ची रिकामी, सरबताची नळी तिच्याकडे वळवलेली. पाय दुमडत नाही म्हणून चम्रात माझ्याशेजारी पालथ्या खोक्यावर बसला होता. त्याला रियंगनं आग्रहानं आणलं होतं. ताडांकडे पाठ करून बसला होता तो.

सुरुवातीला रियंगचा आवाज ध्वनिक्षेपकात शिरायलाच तयार नव्हता. पडद्यावर चान वाऱ्यात केस सोडून उभी, तोंड हलतंय आणि आवाज नाही. मी तिला कोपर मारलं.

"मी… मी उभी आहे," ती म्हणाली. "इथंच आहे. दिवसभर." मग थांबली. मग एकदम म्हणाली, "पाय दुखतात हो उभं राहून. भट्टीपाशी उभं राहा, बाजारात उभं राहा, घरी येऊन पुन्हा चुलीपाशी उभं राहा. भुताला काय पाय नसतात?"

बायका खो खो हसल्या. ताडाखाली भट्टी कुठली, असं कुणीही विचारलं नाही. मला वाटलं, आता ही खुलली. पण पुढं ती जे बोलली त्यानं हसणं आपोआप विरत गेलं. "मला कुणाला घाबरवायचं नाही," ती म्हणाली. "मी नुसती ऐकतेय. रोज पहाटे ऐकते. वर कुणी आहे का, बघते. मग चूल पेटवते. हाक आली नाही तरी पेटवते."

चम्रातची काठी हातात फिरायची थांबली.

आणि मग ती जागा आली. मांत्रिक तोंडाशी हात नेतो, नवऱ्याच्या आवाजात हाक मारतो. हाक माझी होती. पण मी माझा ध्वनिक्षेपक उचलला आणि चम्रातच्या तोंडापुढं धरला.

"काय?" तो कुजबुजला.

"हाक मार. माझा घसा बसलाय."

घसा ठणठणीत होता. पडद्यावर मांत्रिकाचे ओठ हलत होते, लोक वाट बघत होते. चम्रातनं एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे जळजळीत बघितलं, आणि मग मान वळवून, किती दिवसांनी कोण जाणे, ताडाच्या शेंड्याकडे बघितलं.

"रियंग!"

अहो, शेंड्यावरचाच आवाज! कुत्री भुंकायला लागली. कुणाचं तरी तान्हं दचकून रडायला लागलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, तिचं नाव चान आहे, चान!" आणि सगळं शेत हसलं.

रियंग हसली नाही. पडद्यावर ताडआई उतरून चालत येत होती आणि इकडं आवाजच नाही. सायपिन असती तर तिनं मला लाथ घातली असती. मग रियंग अगदी साध्या आवाजात, घरात बोलतात तशी बोलली.

"आले. पण झाकण लावायचं नाही. आणि 'ए' म्हणायचं नाही."

आता आली का पंचाईत! पडद्यावर तो मेला मांत्रिक दोन्ही हातांनी झाकणच उचलत होता. "झाकण कुठलं, बये," मी म्हणालो, "छत्री आहे ती. ऊन किती पडलंय!" प्रसंग अमावास्येचा होता. लोक हसले. तेवढ्यात मेण आलं. "हे आपलं… मुंग्या लागू नयेत म्हणून." यावर ताडगूळ करणारी घरंच्या घरं लोळली, कारण गुळाच्या मडक्याला आम्ही सगळेच तसं लिंपतो. मडकं नदीकडे निघालं. "जरा गार ठेवतो. वितळायला नको माझा गूळ."

मग बुडबुडे. बुडबुड्यांना काय बोलायचं? इतकी वर्षं सिनेमे बोललो, पण बुडणाऱ्या बाईसाठी गमतीचा शब्द माझ्याजवळ निघेना. मी माझा ध्वनिक्षेपक खाली केला.

रियंग त्या बुडबुड्यांकडे बघत होती. आधी तिच्या घशातून कसलातरी आवाज आला, मला वाटलं रडतेय. मग तो वाढला. ती हसत होती. पोटातून, खदखदून, थांबवता येत नाही असं. तिचं हसणं कर्ण्यातून शेतांवर गेलं आणि पडद्यावरचा एकेक बुडबुडा बरोबर त्या हसण्याचा होऊन वर येत राहिला. बुडबुडे थांबले तरी ती हसतच होती. अंधाऱ्या पडद्यावर शेवटी उरलं ते तेवढंच.

उआननं दिवा लावला. कुणीतरी म्हणालं, कौल लाव, आईला आवडलं का विचार. रियंगनं त्या दोन फाका कपाळाला लावून टाकल्या.

दोन्ही सपाट. पुन्हा हसली.

मी विचारलं, "आता काय अर्थ घ्यायचा?"

"मला वाटलं होतं, मला हसते," ती म्हणाली. फाका उचलून तिनं घरकुलात ठेवल्या. "आता विचारत नाही."

चम्रातचा पाय होता तसाच आहे. लंगडतो. ताडावर चढत नाही, चढणारही नाही. पण हल्ली पहाटे काठी टेकत ताडांखाली जातो, वर चढलेल्या गड्यांना खालून अक्कल शिकवतो, त्यांच्या शिव्या खातो, आणि नळ्या खाली आल्या की तिथूनच आरोळी देतो. गुळाचा रस आता दुसऱ्यांचा, कढई दुसऱ्यांची, रियंगला चूल पेटवायची घाई कसली? पण ती पेटवते. माझी झोप मोडते ती वेगळी. तक्रार कुणाकडे करू? घसा बसल्याचं सोंग मीच आणलं होतं.

बाजारात मात्र आता तिसरा पक्ष निघालाय. ज्यांनी शेवट शेतातच बघितला ते म्हणतात, टीव्हीवरचा शेवट नकली, खऱ्या शेवटात आई हसते, आम्ही कानांनी ऐकलंय. परगावचे पाहुणे आले की त्यांच्याशी या मंडळींची जुंपते, आणि पाहुणे हात टेकून जातात.

परवा रच्चनीबाईंना राहवलं नाही. रियंगच्या ताटाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "बुनरियंग, सगळ्यांनी मत दिलं, तू एकटी राहिलीस. तुझ्या मते शेवट कसा होता?"

रियंगनं सुरी थांबवली. विचार केला. "बरा होता, बाई," ती म्हणाली. "मांत्रिकाची दाढी मात्र खरंच निघत होती."

आणि काय मनात आलं कोण जाणे, तिनं ताटातला भाजका कोपरा कापला आणि पानावर ठेवून बाईंच्या हातात दिला. मी बघतच राहिलो. बाईंनी घास घेतला, चावला आणि चष्म्यातून तिच्याकडे बघितलं.

"रियंग," त्या म्हणाल्या, "हा कोपरा करपलाय गं तुझा."